स्टेपनीची जागा

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. माझ्या शपथेला आमच्या घरात कुणी हिंग लावून विचारत नाही, ते सोडा. पण त्या दिवशी मी गाडीत होतो, स्टिअरिंग माझ्या हातात होतं, आणि मागच्या आरशात जे दिसलं ते ह्याच दोन डोळ्यांनी पाहिलं. पदरचं काहीही नाही.

म्हणजे, एक जागा सोडून. तिथं मी थोडं पदरचं घातलंय. कुठं, ते शेवटी सांगीन. आत्ताच सांगितलं तर तुम्ही नेमकं तेवढंच खरं धरून बसाल. दिवा जरा मोठा करा... हं, आता ठीक.

आमची गाडी मूळची सासऱ्यांची. छोटी, निळी, आणि चढ दिसला की जिला दम लागतो अशी. सासरे गेल्यावर ती माझ्याकडे आली. बरोबर तिची किल्ली आली, तिचा खोकला आला, आणि तिची स्टेपनी आली.

सासरे अंगानं काडीपैलवान. शर्टाचं वरचं बटण भर उन्हाळ्यातही लावलेलं, गालात कायम पेपरमिंटची गोळी. माणूस अगदी भला, पण स्टेपनीचा विषय निघाला की कामातून गेलेला. दर रविवारी सकाळी डिकी उघडायची, स्टेपनीची हवा बघायची, मग बोटांच्या पेरांनी तिच्यावर तीनदा ठकठक करून कान लावायचा. डॉक्टर पेशंटच्या छातीला लावतो तसा. ‘‘ठणठणीत आहे,’’ म्हणायचं, डिकी बंद करायची, आणि मगच चहाला बसायचं. बिचारीला उभ्या आयुष्यात रस्ता लागला नव्हता. नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात बघा, तेसुद्धा तिच्यावर जसेच्या तसे होते, तान्ह्या पोराच्या जावळासारखे.

ह्या वेडामागे एक कारण होतं म्हणे. तरुणपणी ते मित्रांबरोबर दोन गाड्या घेऊन कुठंतरी निघाले होते. ह्यांची गाडी पंक्चर झाली, स्टेपनी नव्हती. पुढची गाडी ‘मदत घेऊन येतो’ म्हणून गेली, ती आलीच नाही. दिवसभर हा माणूस रस्त्याच्या कडेला एकटा उभा. ‘‘मागं राहिलो,’’ एवढंच सांगायचे. त्यापुढे कधी बोलले नाहीत.

आता सासूबाई. सासूबाईंचं सोनंनाणं, इस्टेट, जे काय म्हणाल ते एकच, हाताने फिरवायचं शिलाई मशीन. लग्नात बरोबर आणलेलं. ते मशीन कसं असतं ठाऊक आहे ना? उजव्या हातानं चाकाची मूठ फिरवायची आणि डाव्या हातानं कापड सरकवायचं. साधं शिवायला पुरतं, पण झालर, नाजूक चुण्या असलं बारीक काम आलं की दोन्ही हात कापडावर लागतात, आणि मूठ फिरवायला दुसरं माणूस लागतं. लग्न नवं असताना सासूबाई एकदा सासऱ्यांना म्हणाल्या होत्या, ‘‘अहो, जरा चाक फिरवता का? झालर लावून घेते.’’

सासरे म्हणाले, ‘‘मी काय चाक फिरवत बसू? माझी हवा बघायची राहिलीय.’’

आणि गेले स्टेपनीकडे. त्यानंतर सासूबाईंनी झालरीचं काम हाती घेतलं नाही. कुठं चार दिवस राहायला निघाले की मशीन न्यायची गोष्ट निघायची, आणि दरवेळी सासरे डिकीकडे बोट दाखवायचे, ‘‘मशीन की स्टेपनी? तूच सांग.’’ सांगायचं काय त्यात! मशीन पलंगाखाली राहायचं.

तर सासरे गेले, वर्ष सरलं, आणि डोंगरावरच्या गावात दिलेल्या धाकट्या मेहुणीला मुलगी झाली. धाकटीनं आईला बोलावलं, नुसतं भेटायला नाही, राहायलाच. रस्त्याकडे खिडकी असलेली एक खोली तिनं आईसाठी रंगवून घेतली. त्या खिडकीची बातमी ऐकल्यापासून सासूबाईंची मान दोन बोटं वर गेली.

‘‘खोली माझी, खिडकी माझी, आणि खिडकीत मशीन,’’ त्यांनी जाहीर केलं. ‘‘नातीचा पहिला झालरीचा फ्रॉक मी शिवणार.’’

मी म्हटलं, ‘‘आई, मशीन टेम्पोनं पाठवून देऊ.’’

‘‘जन्मभर ज्या गाडीत त्याला जागा मिळाली नाही, त्याच गाडीतून जाईल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नाहीतर मी पण नाही.’’

आम्ही निघालो. सासूबाईंची ट्रंक डिकीत, मशीन त्यांच्या मांडीवर, शेजारी माझी बायको. तिला माहेरी सगळे ‘मोठी’ म्हणतात, मीही तेच म्हणतो. अर्धा घाट नीट पार पडला. पण वरच्या गावाच्या अलीकडे एक वळण आहे, ‘उभं वळण’ म्हणतात त्याला, कारण तिथं रस्ता भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा उभा आहे. तिथं गाडी खोकली, थरथरली, आणि मागं घरंगळायला लागली. मी ब्रेक दाबला, देवाचं नाव घेतलं, आणि सबंध घाट मागं मागं घेत खाली उतरलो. सासूबाई मशीन कवटाळून बसल्या होत्या.

घरी आल्यावर सभा भरली. गाडीला झेपत नाही, तेव्हा काहीतरी कमी करायला हवं. मोठी माझ्याकडे नखशिखान्त बघत म्हणाली, ‘‘गाडीतलं सगळ्यात जड सामान तर स्टिअरिंगवर बसतं.’’

मी पोट आत घेतलं. ‘‘गाडी चालवणार कोण मग?’’

सासूबाई म्हणाल्या, ‘‘स्टेपनी काढा.’’

मोठीचा चेहरा उतरला. बापाची लाडकी ती. ‘‘आई, बाबांनी ती कधी काढू दिली असती का?’’

‘‘त्यांना विचारायला ते आहेत का इथं?’’

‘‘आणि घाटात पंक्चर झालं तर? चिटपाखरू नसतं तिथं!’’

‘‘तर उतरून चालू. मला गुडघे आहेत अजून.’’

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंच्या बाजूनं बोललो तर रात्री जेवण थंड मिळणार, बायकोच्या बाजूनं बोललो तर सासूबाई जन्मभर ‘जावईबापू’ एवढंच म्हणणार आणि पुढं काही बोलणार नाहीत. म्हटलं, ‘‘वादच नको. वजन करून बघू. स्टेपनीनं खरंच फरक पडतो का, काटाच सांगेल.’’

गावाबाहेर भंगाराचं गोदाम आहे. मोडीत निघालेली गाडी आधी तिथल्या काट्यावर चढते आणि मग दाबून तिची वडी होते. मालकाला सगळे भंगारशेठ म्हणतात. गोलमटोल, हसरा माणूस, पण गाडीकडे बघताना त्याची नजर अशी फिरते की गाडीला स्वतःलाच आपलं वय आठवावं. आम्हाला पाहून तो दोन्ही हात पसरून पुढं आला.

‘‘आणलीत एकदाची!’’

‘‘विकायला नाही हो. फक्त वजन करायचंय.’’

‘‘फक्त वजन?’’ त्यानं बोनेटवर मायेनं हात फिरवला. ‘‘ह्या काट्यावर चढून परत घरी गेलेली गाडी मी अजून बघितली नाही, साहेब.’’

मी गाडी लोखंडी फळीवर चढवली. आम्ही सगळे खाली उतरलो. भिंतीवर जेवणाच्या ताटाएवढी तबकडी होती आणि तिच्यात लाल काटा. काटा डुलला, थरथरला, थांबला. भंगारशेठनं काचेवर खडूनं त्या जागी रेघ मारली.

‘‘हं. आता काढा तुमची स्टेपनी.’’

मी फळीबाहेर जमिनीवर उभा राहूनच डिकी उघडली, तळाचा पत्रा उचलला, स्टेपनीचा बोल्ट सोडवला आणि दोन्ही हातांनी तिला खड्ड्यातून वर ओढून काढली. चांगली वजनदार होती. कमरेतून कळ आली.

भंगारशेठ तबकडीकडे बघत म्हणाला, ‘‘काढा की.’’

‘‘काढली.’’

‘‘काढा म्हणतो मी.’’

‘‘अहो, ही काय माझ्या हातात!’’

त्यानं वळून पाहिलं. मग तबकडीकडे. मग परत माझ्याकडे. काटा रेघेवरच होता. केसभरही हलला नव्हता.

‘‘हिला फळीवर ठेवा,’’ तो म्हणाला. मी स्टेपनी गाडीशेजारी फळीवर टेकवली. काटा टुणकन पुढं गेला. उचलली, परत रेघेवर आला. ठेवली, पुढं गेला. उचलली, रेघेवर. म्हणजे काट्याला स्टेपनी बाहेर कळत होती, पण गाडीतून गेलेली कळत नव्हती.

गोदामात कुठंतरी पत्रा वाऱ्यानं वाजत होता, तोही नेमका तेव्हाच थांबला.

भंगारशेठचं हसू मावळलं नाही, पण जरा पातळ झालं. त्यानं डिकीत वाकून स्टेपनीच्या रिकाम्या गोल खड्ड्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही...’’ त्यानं हात पँटला पुसला. ‘‘ऊब आहे. बसलेला माणूस उठून गेला की खुर्चीला असते ना... तशी.’’

मोठी पुढं झाली. तिनं डिकीत वाकून खोल श्वास घेतला, आणि माझा हात घट्ट धरला. ‘‘अहो... पेपरमिंट.’’

‘‘असणारच,’’ सासूबाई मागून म्हणाल्या. ‘‘सगळीकडे सांडायचे गोळ्या.’’ पण त्या जवळ आल्या नाहीत.

घरी आल्यावर मोठी म्हणाली, ‘‘झालं ना समाधान? वजन तेवढंच राहतं. मग स्टेपनी परत ठेवून द्या.’’

सासूबाई चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, ‘‘वजन तेवढंच राहतं ना? मग तर काढायलाच हवी. निदान मशीनला जागा तरी मिळेल.’’

ह्याला काय उत्तर देणार? तुम्ही द्या.

मी मात्र आतून हललो होतो. पण त्याच संध्याकाळी भंगारशेठचा फोन आला. ‘‘साहेब, घोळ सापडला. तबकडीच्या मागं एक गंजका बोल्ट अडकला होता. काट्याला रेघेच्या खाली येऊ देत नव्हता. काढून टाकला. बिनघोर जा.’’ मी मोठ्यानं हसलो. बोल्ट! आणि आम्ही काय काय मनात आणलं होतं! मी स्टेपनी मागच्या अंगणातल्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. मशीन गोधडीत गुंडाळून स्टेपनीच्या खड्ड्यात बसवलं. नेमकं बसलं, जणू खड्डा त्याच्याच मापाचा होता. सासूबाई कितीतरी वेळ डिकीपाशी उभ्या राहून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी निघालो. भुतं रात्री निघतात असा समज ज्यानं पसरवला, त्यानं दुपारी कधी घाट चढलेला नसावा. पायथ्याशी लख्ख ऊन होतं, आणि पहिल्या वळणावर धुकं. कापूस पिंजून टाकल्यासारखं, खिडकीला घासत जाणारं. रस्ता बोनेटच्या पुढं संपत होता. झाडं दिसत नव्हती, पण त्यांच्या पानांवरून गळणारं पाणी टपावर टपटपत होतं. ओल्या मातीचा वास येत होता, आणि त्याच्या आडून आणखी एक... गोड, थंड. मी खिडकी वर केली. वास आतच होता.

एक वळण घेतलं. मागून आवाज आला.

ठक. ठक. ठक.

‘‘अहो... ऐकलंत?’’ मोठी शेजारच्या सीटवरून कुजबुजली.

‘‘मशीन हललं असेल.’’

पुढचं वळण. ठक. ठक. ठक.

‘‘मशीन मोजून तीनदाच कसं हलेल?’’

‘‘शिस्तीचं असेल. तुझ्या माहेरचं आहे.’’

ती हसली नाही. खरं सांगायचं तर मीही हसलो नव्हतो, नुसते दात दाखवले होते. त्यापुढचं प्रत्येक वळण आलं की आम्ही दोघं श्वास धरायचो, आणि प्रत्येक वळणाला तो आवाज यायचा. घाईचा नाही, रागाचा नाही. कुणीतरी आपलं नेहमीचं काम करत असावं तसा. सासूबाई मागच्या सीटवर ताठ बसून होत्या. ह्या वेळी शेजारी ठेवलेल्या ट्रंकेवर एक हात, नजर समोर.

आणि उभं वळण आलं.

गाडी खोकली. तस्सं, गेल्या वेळी खोकली होती तस्संच. मी पाय पार तळाला टेकवला. इंजिन रडकुंडीला आलं, चाकं जागच्या जागी कुरकुरली. आम्ही थांबलो, थरथरलो, आणि वीतभर मागं सरकलो. मागं काय होतं ते धुक्यामुळं दिसत नव्हतं. पण तिथं कठडा नाही, हे मला माहीत होतं.

‘‘परत फिरा,’’ मोठी रडवेल्या आवाजात म्हणाली. ‘‘अहो, परत फिरा. बाबांना नको असेल तर...’’

तेव्हा सासूबाईंनी चष्मा काढला.

‘‘अहो,’’ त्या म्हणाल्या.

‘‘काय आई?’’ मी.

‘‘तुम्ही नाही.’’

त्या मागं वळल्या होत्या. सीटच्या पाठीवर हात ठेवून डिकीकडे बोलत होत्या. आवाज चढलेला नव्हता. चहात साखर कमी आहे हे सांगताना असतो तेवढाच.

‘‘अहो, उतरा. गाडीला झेपत नाहीये. ऐकताय ना? सगळा जन्म तुम्ही म्हणाल तेच सामान घेतलं. आज माझं मशीन जातंय. ते उतरणार नाही, मी उतरणार नाही, पोरीला आणि जावयाला मी दरीत घालणार नाही. राहिलात तुम्ही. उतरा.’’

गाडी अजून एक बोट मागं सरकली.

सासूबाईंचा स्वर थोडा खाली आला. ‘‘टाकून नाही जात हो तुम्हाला... मी का त्यातली आहे? चालत या. सरळ रस्ता आहे, चुकायला फाटा पण नाही. वर दारात उभी राहते मी. तुम्ही आल्याशिवाय आत जाणार नाही.’’

मग डिकीची कडी खट्कन उघडली. झाकण वर गेलं... आणि हलकेच, माणूस सभ्यपणे दार लावतो तसं, बंद झालं. गाडीचा मागचा भाग स्प्रिंगवर वर आला. मला सीटमधून जाणवलं ते.

गाडी उडालीच म्हणा ना! उभं वळण तिनं असं घेतलं की जणू तिला कुणी नवं इंजिन बसवलं होतं. मी आनंदानं ओरडणार होतो. तेवढ्यात आरशाकडे नजर गेली.

धुक्यातून एक चाक येत होतं.

नुसतं चाक. त्याला गाडी नव्हती, माणूस नव्हता. चढावर, खालून वर, रस्त्याच्या डाव्या कडेनं, नियम पाळून. माणूस चालतो त्या गतीनं फिरत होतं. वळणावर किंचित कलायचं, सावरायचं. एके ठिकाणी ते थांबलं, गुडघ्यावर हात ठेवून कुणी दम घ्यावा तेवढा वेळ, आणि परत निघालं. काळं कुळकुळीत, ओलं. त्याचा सर्र असा आवाज बंद काचेतून येत होता.

माझा पाय आपोआप दाबला गेला. गाडी सुसाट सुटली.

‘‘जावईबापू,’’ मागून सासूबाई म्हणाल्या, ‘‘हळू घ्या. दम लागतो त्यांना.’’

मी हळू घेतली. मागून बिनगाडीचं चाक येतंय, आणि मी हळू घेतली! मोठी सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून बघत होती. बराच वेळ बघत होती. मग तिनं हात वर केला आणि लहान मुलं शाळेच्या बसमधून करतात तसा हलवला.

घाट संपला तसं धुकं संपलं. आरशात नुसता ओला, रिकामा रस्ता.

धाकटी दारातच उभी होती, कडेवर गुलाबी गाठोडं. गळाभेटी झाल्या, मशीन आत गेलं, खिडकीत विराजमान झालं. सगळे आत गेले, सासूबाई दारात राहिल्या. धाकटी म्हणाली, ‘‘आई, चहा गार होतोय. कुणाची वाट बघतेयस?’’

‘‘येते,’’ सासूबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं त्या जरा बाजूला सरकल्या, दारातून कुणाला आत यायला वाट द्यावी तेवढ्याच, आणि मग आत येऊन चहा प्यायल्या. मी त्या वेळी दाराकडे पाठ करून बसलो होतो. मुद्दामच.

आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी घरी परतलो. गाडीतून सामान काढायच्या आधी मोठीनं माझ्याकडे शेडची किल्ली मागितली. कुलूप जसंच्या तसं होतं. आत स्टेपनी भिंतीला टेकलेली, मी ठेवली होती तिथंच. मी हात लावला आणि मागं घेतला. गरम होती, लांबचा पल्ला मारून आलेला टायर असतो तशी. खाचांमधून घाटातली लाल माती. आणि रबराचे ते बारीक केस, जावळासारखे, एकही शिल्लक नव्हता. रस्त्यानं सगळे घासून काढले होते.

मोठीनं ओल्या फडक्यानं तिची माती पुसली. ‘‘पोचले एकदाचे,’’ म्हणाली, आणि नाक पुसून स्वयंपाकाला लागली.

पुढं महिन्याभरानं मी एकटा वर गेलो, बाळासाठी पाळणा पोचवायला. गाडी बाहेर लावली आणि खिडकीतून सासूबाई दिसल्या. त्या शिवत होत्या. पांढरा फ्रॉक, त्याला खालून दाट झालर. काय हात चालत होता! डाव्या हातानं चुण्या धरत होत्या, उजव्या हातानं कापड ओढून घेत होत्या, सुई खाली-वर नाचत होती...

मला कळायला वेळ लागला. दोन्ही हात कापडावर होते.

आणि चाक फिरत होतं. मुठीला कुणाचाही हात नव्हता, आणि मूठ गरागरा फिरत होती.

‘‘अहो, जरा हळू,’’ सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. ‘‘झालरीचं काम आहे.’’

मूठ हळू झाली.

मग त्यांनी मला पाहिलं. दचकल्या नाहीत, उलट खुलल्या. ‘‘या, या जावईबापू! बसा... नाही, त्या खुर्चीत नको. पलीकडच्या घ्या.’’

मी पलीकडची घेतली. अगदी भिंतीला लागून असलेली. फ्रॉकचं कौतुक केलं, चहा प्यायलो, कपाचा बशीवर आवाज होऊ नये म्हणून बशी खाली ठेवली. खोलीभर पेपरमिंट घमघमत होता. बोलायचं म्हणून बोललो, ‘‘रोज शिवता का आई?’’

‘‘रोज. शेजारणींचंही घेते आता. चिक्कार काम येतं. रविवार तेवढा बंद.’’

‘‘रविवारी विश्रांती घ्यावीच माणसानं.’’

‘‘विश्रांती कसली,’’ त्या दोरा दातानं तोडत म्हणाल्या. ‘‘रविवारी हे खाली तुमच्याकडे जातात ना. हवा बघायला.’’

तर अशी ही गोष्ट. आता कबुली द्यायची राहिली, पदरचं काय ते सांगायचं.

बोल्ट. तबकडीमागचा तो गंजका बोल्ट तेवढा माझा. भंगारशेठचा फोन आलाच नाही. अधेमधे तुम्हाला जरा टेकायला जागा असावी म्हणून तो मी तिथं ठेवला होता. काटा ठणठणीत आहे, आजही गाड्या तोलतो, आणि खडूची ती रेघ भंगारशेठनं अजून पुसलेली नाही. बोल्ट नव्हता तर आम्ही घाटात गेलोच कसे, म्हणता? सासूबाई सकाळी उठून मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. तुम्ही असता तर काय केलं असतंत?

बाकी अक्षरन् अक्षर खरं. शेड तिथंच आहे, ह्या खिडकीतून दिसते ना तीच. कुलूप बाहेरून, किल्ली माझ्या खिशात. रविवारी सकाळी आम्ही दोघं चहा गाळून कप हातात धरून थांबतो. आतून तीनदा आवाज येतो, मग थोडी शांतता, कान लावायला लागते तेवढी. मगच पहिला घोट घेतो.

आज वार कोणता? शनिवार ना? मग मुक्काम करा की. अंथरूण शेडच्या बाजूच्याच खोलीत घातलंय. सकाळी फार लवकर उठवत नाहीत ते.